सूचना : एएनएममधून (सहायक परिचारिका) जीएनएमला (नर्सिंगची पदविका) जाणाऱ्यांसाठी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सर्व सभासद ताई-दादांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ११ वाजता नौपाड्यात, नेहमीच्या जागी बसू. नाइट ड्युटी करून येणाऱ्यांनी थोडं उशिरा आलं तरी चालेल. वाशी-ऐरोलीकडच्यांनी ट्रान्स-हार्बरचा मेगाब्लॉक आधी पाहून घ्या.

विषय एकच : पुढचं शिक्षण. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार नोंदणीकृत एएनएमला जीएनएमसाठी अर्ज करता येतो, आणि ३५ वर्षांची वयोमर्यादा तिला लागू नाही. त्यामुळे 'आता वय गेलं' हे कारण बाद. मात्र एएनएमची दोन वर्षं जीएनएममध्ये वजा होत नाहीत, तीन वर्षं पूर्णच करावी लागतात. त्यानंतर राज्य परिषदेकडे नोंदणी झाली, की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी) खुलं होतं.

ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन, लॅब टेक्निशियन किंवा अँब्युलन्सवर काम करणाऱ्यांना जीएनएमच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. अनुभव कितीही असो, सुरुवात पहिल्यापासून. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र असेल तर चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगचा विचार करा, माझ्या मते तोच रस्ता बरा.

घरबसल्या जीएनएम देतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. कॉलेजला मान्यता आहे का, ते परिषदेच्या यादीत पाहिल्याशिवाय फी भरायची नाही.

येताना नोंदणी प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि असल्यास जातीचा दाखला, यांच्या झेरॉक्स आणा. मूळ कागद घरीच ठेवा.