६४१ नं भाग का जातो?

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, कॉम्प्युटर क्षणात अवयव पाडून देतो, मग हातानं कशाला करायचं?" आकडेमोड फोनवर सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे. कागद-पेन्सिल घेऊन बस.

संख्या घे ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. ही मूळ संख्या असणार असं १६४० मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं. साहजिकच होतं, कारण हिच्याच कुळातल्या (२ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा असा दर वेळी दुप्पट घात, अधिक १) ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही मूळ आहेत. पण १७३२ मध्ये, रशियात पीटर्सबर्गला असताना, पंचविशीतल्या ऑयलर या गणितज्ञानं सांगितलं की हिला ६४१ नं भाग जातो. भागाकार ६७,००,४१७.

६४१ पर्यंत ११६ मूळ संख्या आहेत. एकेक घेऊन भागत बसलं तरी उत्तर मिळेल. पण थोडा विचार कर. समजा, एखाद्या मूळ संख्येनं हिला भाग जातो. मग तिनं भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ राहते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), म्हणून ६४ व्या घाताची बाकी १, आणि त्याआधी १ कुठेच येत नाही. म्हणजे बाकी १ फक्त ६४ च्या पटीतल्या घातांनाच येते. आता फर्माचं छोटं प्रमेय लाव. ते म्हणतं, विषम मूळ संख्येतून १ वजा करून २ चा तेवढा घात घेतला, तर त्या संख्येनं भागल्यावर बाकी १ येते. म्हणून त्या मूळ संख्येतून १ वजा केला की उरतं त्याला ६४ नं भाग गेलाच पाहिजे. फर्माचा अंदाज तपासायला फर्माचंच प्रमेय कामी येतं, हे मला फार भावतं. आता तपासायला उरल्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. त्यातली २५७ याच कुळातली, आणि या कुळात कुठल्याही दोघींना १ सोडून सामाईक विभाजक नसतो. तीही गेली. चारच भागाकार!

तेही नकोत? मग ६४१ कडे नीट बघ. ती ५ × १२८ + १ आहे आणि ६२५ + १६ सुद्धा आहे. म्हणून ६४१ नं भागताना ५ × १२८ ची बाकी −१. चौथा घात घे: ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. आता ६२५ च्या जागी −१६ ठेव, कारण दोन्हींची बाकी सारखीच. १६ म्हणजे २ चा चौथा घात, तेव्हा उणे २ चा ३२ वा घात, बाकी १. म्हणजेच २ चा ३२ वा घात अधिक १ ला ६४१ नं नि:शेष भाग जातो. एवढी मोठी संख्या कुठे मांडावीसुद्धा लागली नाही. कॉम्प्युटर तुला भाग जातो एवढं सांगतो. का जातो ते या चार ओळींत आहे, आणि ते तुला कळावं असं मला मनापासून वाटतं.

पुढची संख्या २ चा ६४ वा घात अधिक १. तिचा एक अवयव २,७४,१७७ आहे. त्यातून १ वजा करून २ नं किती वेळा भाग जातो ते बघ आणि रविवारी फोनवर सांग.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई