वरळी सी-फेसवरच्या मंडळींचे आभार

रविवारी सकाळी वरळी सी-फेसवर आमची कॅम्परव्हॅन (आत राहायची सोय असलेली गाडी) अडली, तेव्हा धावून आलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. गडबडीत नावं विचारायची राहूनच गेली.

आत दिवे लख्ख, पंखा चालू, पण चावी फिरवली की नुसतं टक् टक्. "अहो, तो उजेड मागच्या बॅटरीचा. इंजिनाची बॅटरी वेगळी," हे टॅक्सीवाल्या काकांनी बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं. त्यांच्या टॅक्सीच्या बॅटरीची वीज आमच्या बॅटरीला द्यायला जम्पर केबल लावली, तरी गाडी ढिम्म. मग स्कूटरवरून चाललेले एक मेकॅनिक दादा थांबले. मीटर लावला: १२.५ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठीक. त्यांनी केबलचा काळा चिमटा बॅटरीवरून काढून थेट इंजिनाच्या लोखंडाला लावला आणि गाडी एका दमात सुरू! दोष अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरी गाडीच्या लोखंडी सांगाड्याला (चॅसीला) जोडणाऱ्या वायरीत होता. खाऱ्या हवेने तिचं चॅसीकडचं टोक हिरवं पडलं होतं. दादांनी ते पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळून दिला. पैसे घेईनात, चहाही नको म्हणाले.

मागे तुंबलेली वाहनं नुसत्या हाताने वळवणाऱ्या, फिरायला आलेल्या त्या काकू! तो दरारा हवालदारालाही जमायचा नाही.

टॅक्सीवाले काका, तुमची जम्पर केबल आमच्याच गाडीत राहिली आहे. येत्या रविवारी सकाळी त्याच कट्ट्यापाशी घेऊन येतो.