आभासी सर्व्हरवर उसनी सेटिंग नकोत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर जवळ आली की पतसंस्थांच्या आणि सहकारी बँकांच्या काउंटरवर ‘सर्व्हर डाउन आहे’ ही पाटी हमखास लागते. खातेदारांचा त्यावरचा राग रास्त असतो, परंतु दोष बहुतेक वेळा इंटरनेटला किंवा जुन्या यंत्राला दिला जातो आणि उपाय म्हणून मेमरी वाढवण्याचे कोटेशन मागवले जाते. अशा काही संस्थांचे पोस्टग्रेसक्यूएल या सॉफ्टवेअरवरचे डेटाबेस सांभाळण्याचे काम मी करतो. त्या पाटीमागे अनेकदा लिनक्स कर्नलची, म्हणजे मेमरी, प्रोसेसर आणि डिस्क सांभाळणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्याची, चुकीची सेटिंग असतात, आणि ती चुकीची असण्याचे कारण म्हणजे ती कुठून तरी जशीच्या तशी उतरवलेली असतात, एवढे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आता बहुतेक संस्थांचा डेटाबेस स्वतंत्र यंत्रावर नसतो. एका मोठ्या यंत्राचे भाग पाडून केलेल्या आभासी यंत्रावर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनवर तो चालतो. आपल्याकडे ६४ जीबी मेमरी आणि १६ प्रोसेसर आहेत असे आतल्या कर्नलला दिसते आणि तो त्या हिशेबाने वागतो. ती मेमरी खरोखर त्याच्या पदरात आहे, की खालच्या यंत्राने तीच मेमरी शेजारच्या आणखी चौघांना कबूल केली आहे, हे त्याला आतून नीट कळत नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हा सगळ्या दुखण्याचा सारांश आहे, आणि आतल्या यंत्रावर कितीही आकडे बदलले तरी आड भरत नाही.

एका संस्थेतला प्रसंग सांगतो. संस्थेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तेथे व्याज आकारणीच्या रात्री डेटाबेस अचानक बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होई आणि सर्व शाखांचे जोड एकदम तुटत. सॉफ्टवेअर पुरवठादाराने सर्व्हर उभारताना एक एकेचाळीस ओळींची सेटिंगची फाइल चिकटवली होती. तीत शेअर्ड मेमरीची, म्हणजे अनेक प्रक्रियांनी (चालू प्रोग्रामांनी) मिळून वापरायच्या मेमरीची, कमाल मर्यादा वाढवणारी ओळ होती, जिची गरज पोस्टग्रेसक्यूएलला २०१३ सालच्या ९.३ या आवृत्तीपासून जवळपास उरलेली नाही. टीसीपीचे (नेटवर्कवरचे) जोड लवकर मोकळे करणारी ‘टाइम-वेट रिसायकल’ ही ओळही होती. हे सेटिंग एकाच राउटरमागून येणाऱ्या अनेक ग्राहकांचे जोड नाकारत असे, म्हणून ते २०१७ साली कर्नल ४.१२ मधून काढूनच टाकण्यात आले. नव्या कर्नलवर त्या ओळीमुळे केवळ एक त्रुटीचा संदेश उमटत होता, आणि तो कोणी वाचत नव्हते.

या दोन ओळी निरुपद्रवी होत्या, तिसरी नव्हती. स्वॅपिनेस शून्यावर ठेवलेले होते. मेमरीची तंगी आली की कर्नलने प्रोग्रामची पाने, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, डिस्कवरच्या ‘स्वॅप’ या जागेत किती तत्परतेने हलवावीत, हे या आकड्याने ठरते आणि त्याचे मूळ मूल्य ६० असते. डेटाबेससाठी ते बरेच कमी करावे हे खरे आहे. मात्र कर्नल ३.५ पासून शून्याचा अर्थ बदलला असून, मेमरी अगदी संपत येईपर्यंत कर्नल स्वॅपला हातच लावत नाही आणि तोवर ‘ओओएम किलर’ची, म्हणजे मेमरी संपल्यावर एखादी प्रक्रिया बंद पाडणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेची, वेळ येऊन ठेपते. हा किलर पोस्टग्रेसक्यूएलची एखादी प्रक्रिया मारतो, सामायिक मेमरी बिघडली असेल या शंकेने मुख्य प्रक्रिया बाकीच्या सर्व प्रक्रिया बंद करून डेटाबेस नव्याने उभा करते, आणि काउंटरवर पाटी लागते. शून्याऐवजी १ लिहिले असते तरी फरक पडला असता.

पण मेमरी मुळात संपत का होती? हा हिशेब मला फार बोलका वाटतो, म्हणून तो सविस्तर मांडतो. डेटाबेसचे शेअर्ड बफर, म्हणजे त्याच्या सर्व प्रक्रियांची सामायिक मेमरी, १६ जीबी होते. कर्नल मेमरीची पाने ४ केबीची धरतो, म्हणजे ती ४१,९४,३०४ पाने झाली. प्रत्येक पानाच्या नोंदीला ८ बाइट लागतात, म्हणजे सगळे बफर हाताळणाऱ्या एका प्रक्रियेच्या पान-तक्त्यालाच (कोणते पान कुठे आहे याच्या नोंदवहीलाच) ३२ एमबी. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये प्रत्येक जोडासाठी स्वतंत्र प्रक्रिया असते. शाखा, काउंटर आणि मोबाइल ॲप मिळून तेथे ३०० जोड उघडे राहत, म्हणजे निव्वळ नोंदवहीसाठी ९ जीबींहून अधिक मेमरी जाऊ शकत होती, आणि ती प्रक्रियांच्या नेहमीच्या यादीत कोणाच्याही नावावर दिसत नव्हती. तीच १६ जीबी २ एमबींच्या ‘ह्यूज पेजेस’मध्ये ठेवली की ८,१९२ पाने पुरतात आणि तक्ता ६४ केबींवर येतो. आभासी यंत्रावर याचा दुसराही फायदा आहे. मेमरीतला पत्ता शोधताना आतला तक्ता आणि बाहेरचा तक्ता असे दोन्ही चाळावे लागत असल्याने, साध्या यंत्रावर चार वेळा मेमरी वाचून होणारे काम येथे चोवीस वेळांपर्यंत जाऊ शकते. मोठ्या पानांमुळे ही फेरी कमी होते, आणि खालच्या यंत्रानेही मोठी पाने दिली तर लाभ पूर्ण मिळतो. किती पाने राखून ठेवावीत हे पोस्टग्रेसक्यूएल १५ पासून स्वतःच सांगते, त्यामुळे तेथेही अंदाजपंचे करण्याचे कारण नाही.

याच्याशी नावाने जुळणाऱ्या ‘ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस’ची गोष्ट मात्र निराळी आहे. ती पाने कर्नल आपल्या मर्जीने जोडत बसतो आणि त्या खटाटोपात डेटाबेस मध्येच अडखळतो, म्हणून ती बंद ठेवण्याचा सल्ला रेडिस आणि ओरॅकल या डेटाबेसचे निर्माते देतात. मोंगोडीबीही आधीच्या आवृत्त्यांसाठी हेच सांगत असे, पण ८.० पासून त्यांनी नेमके उलट सांगितले आहे. उतरवून घेतलेल्या यादीवर आवृत्तीचा उल्लेख नसेल तर ती कशी गोत्यात आणते, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

डिस्कवर लिहिण्याबाबतही असेच. न लिहिलेली पाने उपलब्ध मेमरीच्या १० टक्के झाली की कर्नल मागच्या मागे लिहू लागतो आणि २० टक्क्यांना लिहिणाऱ्या प्रक्रियेलाच थांबवतो. हे मूळ प्रमाण छोट्या मेमरीसाठी ठीक होते. ६४ जीबीच्या यंत्रावर अनेक जीबी साचून ती एकदम सामायिक स्टोरेजवर कोसळतात आणि शेजारची यंत्रेही घुसमटतात. टक्केवारी सोडून थेट बाइटमध्ये, समजा २५६ एमबी आणि १ जीबी, अशी मर्यादा घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. आतल्या यंत्राचा आयओ शेड्युलर (डिस्कच्या कामांचा क्रम लावणारा भाग) सहसा ‘नन’ ठेवावा, कारण क्रम लावण्याचे काम खाली होतच असते.

एवढे करूनही खालचे यंत्र बेइमान असेल तर सारे व्यर्थ आहे. ‘बलून’ ड्रायव्हरमार्फत ते आतल्या यंत्राची मेमरी परत ओढून घेऊ शकते. ह्यूज पेजेससाठी राखलेल्या मेमरीला सहसा धक्का लागत नाही, पण मग उरलेल्या मेमरीवर दुप्पट ताण येतो. म्हणून डेटाबेसच्या यंत्राची मेमरी खाली पूर्णपणे राखीव असली पाहिजे. प्रोसेसरची ओढाताण ‘व्हीएमस्टॅट’च्या ‘एसटी’ (स्टील टाइम, म्हणजे आपल्याला हवा असताना खालच्या यंत्राने दुसऱ्यांना दिलेला, चोरीचा वेळ) या रकान्यात दिसते, आणि तो आकडा सतत चढा असेल तर कर्नलचे कोणतेही सेटिंग उपयोगी पडत नाही. सर्वांत गंभीर प्रश्न डिस्क कॅशचा, म्हणजे डिस्कवर जाण्याआधी मेमरीत थांबवलेल्या माहितीचा, आहे. आभासी यंत्रे चालवणाऱ्या क्यूएमयू या सॉफ्टवेअरमध्ये ‘अनसेफ’ नावाची एक कॅश पद्धत आहे. तीत डेटाबेसने ‘हे आता डिस्कवर पक्के लिही’ म्हटले तरी ती विनंती चक्क दुर्लक्षित केली जाते. वेग झकास मिळतो, आणि वीज गेली की खातेदाराची नोंदही जाते. चाचणीच्या यंत्रासाठी ही सोय आहे. पैशांच्या हिशेबासाठी ती वापरणे मी गुन्ह्यासमान मानतो.

संस्थांच्या संचालक मंडळांना एवढीच विनंती आहे की, सर्व्हर भाड्याने घेताना मेमरी राखीव आहे का, डिस्क कॅशची पद्धत कोणती आणि प्रोसेसरचा चोरीचा वेळ दरमहा किती होता, या तीन गोष्टी करारात लेखी मागाव्यात. पुरवठादारांनीही सेटिंगच्या प्रत्येक ओळीवर ती का घातली, कोणत्या कर्नलसाठी घातली आणि कोणत्या तारखेला मोजून पाहिली, हे टिपणाच्या रूपात लिहावे. वर सांगितलेल्या संस्थेत आम्ही ते लिहायला बसलो, तेव्हा एकेचाळीसपैकी चौतीस ओळींसाठी कोणालाही कारण सांगता आले नाही. त्या ओळी आता फाइलमध्ये नाहीत.

आपला विश्वासू,
एक डेटाबेस व्यवस्थापक, सांगली