अमेरिकी वाइन जड आणि गोडसर का लागते? : मित्रास पत्र

क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. अमेरिकी वाइन, मग ती रेड असो वा व्हाइट, तुला जड, गोडसर आणि एकसारखी वाटते, दोन घोटांनंतर कंटाळा येतो, असे तू लिहिले आहेस आणि शेवटी ‘तुझे मत कळव’ एवढे म्हणून मोकळा झाला आहेस. हे मत एका ओळीत देण्याजोगे नाही, म्हणून सवडीने लिहायला बसलो आहे. पुढच्या महिन्यात तू इकडे येणारच आहेस; त्याआधी हे वाचून ठेवलेस तर उरलेला वाद समोर पेले ठेवून करता येईल.

तुझी तक्रार खोटी नाही. ती अपुरी आहे. इकडच्या मोठ्या दुकानांत खालच्या फळ्यांवर मांडलेल्या पुष्कळ रेड वाइनमध्ये थोडी साखर मुद्दाम शिल्लक ठेवलेली असते आणि त्या खरोखरच गोड असतात. परंतु ज्या बाटलीत साखर जवळजवळ शून्य आहे तीही तुला गोडसर लागली असेल, तर तिथे विचार करण्यासारखे काही आहे. तू नाशिकचा, तेव्हा ब्रिक्स म्हणजे द्राक्षाच्या रसातील साखरेचे टक्के, हे तुला सांगायला नको. खाण्याची द्राक्षे १८ ब्रिक्सच्या आसपास आली की बागायतदार तोडणीचा विचार करू लागतो. इथल्या नापाच्या खोऱ्यात कॅबर्ने सोव्हिन्याँ ही रेड वाइनची द्राक्षे मात्र बहुधा २५ ब्रिक्सला किंवा त्याच्याही पुढे गेल्यावर तोडतात. दर लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल तयार होते, असा ढोबळ हिशेब आहे. त्या हिशेबाने यीस्टने सगळी साखर संपवल्यावर उरणारी वाइन साडेचौदा टक्क्यांच्या घरात जाते. अल्कोहोलला स्वतःची अशी किंचित गोड चव असते, शिवाय ते तोंडात ऊब आणि जडपणा आणते. फळ वेलीवर जितके अधिक पिकते तितके त्यातील आम्ल उतरत जाते, म्हणजे गोडीला आवर घालणारा आंबटपणाही त्याच वेळी कमी झालेला असतो. त्यावर नव्या ओक लाकडाच्या पिंपातून आलेला व्हॅनिलाचा वास चढला की नाकाला आपोआप मिठाईची आठवण होते आणि जीभ नाकाचेच ऐकते.

तेव्हा अमेरिकी वाइन चाखताना मी स्वतःला पहिला प्रश्न विचारतो तो देशाचा किंवा किमतीचा नसतो. हे फळ किती पिकवून तोडले आणि त्यावर लाकूड किती चढवले, हा असतो. कॅलिफोर्नियात ऊन मुबलक आहे आणि द्राक्षे पिकण्याच्या काळात पाऊस जवळजवळ नसतो, त्यामुळे फळ पिकेल की नाही ही चिंता तिथल्या बागायतदाराला क्वचितच असते. कुठे थांबायचे हे मात्र त्याचे त्यालाच ठरवावे लागते. म्हणून इथल्या बाटलीत माणसाचा निर्णय फार स्पष्ट चाखता येतो. तुला ज्या बाटल्या मिळाल्या त्या बहुतेक न थांबणाऱ्यांच्या असाव्यात.

उन्हाला लगाम घालणारी गोष्ट म्हणजे धुके. पॅसिफिक महासागराचा थंड प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो, त्यावर तयार झालेले धुके उन्हाळ्यात गोल्डन गेट या सामुद्रधुनीतून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात शिरते आणि रात्री दऱ्याखोऱ्यांत भरून राहते. त्यामुळे नापात भूगोलाचा आपला नेहमीचा अंदाज उलटा पडतो. उपसागराला लागून असलेला दक्षिणेकडचा कार्नेरोस हा भाग थंड, तर सुमारे ५० किलोमीटर उत्तरेला असलेले कॅलिस्टोगा उष्ण. म्हणून कार्नेरोसमध्ये शार्डने ही व्हाइटची आणि पिनो न्वार ही रेडची जात लावतात आणि वर जावे तसतशी कॅबर्ने भेटू लागते. बाटलीवरच्या चिठ्ठीवर नुसते ‘कॅलिफोर्निया’ लिहिले असेल तर फळ या धुक्यातले की आतल्या तापलेल्या मैदानातले, हे कळायला मार्ग नाही. त्याउलट एखाद्या अधिकृत द्राक्ष-प्रदेशाचे नाव असेल तर निदान ८५ टक्के फळ त्याच प्रदेशातले असावे लागते. द्राक्षाच्या जातीचे नाव छापण्यासाठी मात्र ती जात ७५ टक्के असली तरी चालते. आणि ‘रिझर्व्ह’ या भारदस्त शब्दाला इथल्या केंद्रीय कायद्यात काहीच अर्थ नाही, हे लक्षात ठेव; त्यासाठी जास्त पैसे मोजू नकोस.

१९७६ च्या पॅरिसच्या चाचणीची गोष्ट तू ऐकलीच असशील. स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या बाटल्या झाकून ठेवल्या आणि व्हाइटमध्ये नापाच्या शातो माँतेलेनाची १९७३ ची शार्डने, तर रेडमध्ये नापाच्याच स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची कॅबर्ने पहिली आली. इकडे ही गोष्ट इतक्यांदा सांगितली जाते की मला तिचा थोडा कंटाळाच आला आहे. मला तिचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. कॅलिफोर्नियाच्या वाइन तरुणपणी दिपवतात पण टिकत नाहीत, असा आक्षेप फ्रान्समध्ये घेतला गेला होता. म्हणून २००६ साली त्याच रेड वाइन, आता तीस वर्षे मुरलेल्या, पुन्हा झाकून चाखण्यात आल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला मिळाले आणि सर्वांत वर होती रिज व्हिनयार्ड्सची १९७१ ची माँटे बेल्लो, जी पहिल्या चाचणीत पाचवी आली होती.

ही माँटे बेल्लोची बाग माझ्या घरातून दिसणाऱ्या डोंगरावरच आहे. खाली संगणक कंपन्यांची गर्दी आणि वर नागमोडी रस्त्याने गेले की सुमारे ८०० मीटर उंचीपर्यंत चढत गेलेले वेल. स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञांनी १९५९ साली ही जागा हौसेखातर घेतली आणि १९६९ पासून पॉल ड्रेपर या तत्त्वज्ञानाच्या पदवीधराने तिथल्या वाइनला आकार दिला. उंचीमुळे आणि समुद्राच्या वाऱ्यामुळे फळ सावकाश पिकते, अल्कोहोल बहुधा तेरा टक्क्यांच्या आसपास राहते आणि आम्ल शाबूत असते. गंमत अशी की नामांकित कॅबर्नेसाठी इतरत्र फ्रेंच ओकची प्रतिष्ठा असताना इथे जवळजवळ सर्व पिंपे अमेरिकी ओकची वापरतात. या लाकडात नारळासारखा वास देणारे घटक अधिक असतात. कोकणात आजोळ असलेल्या माणसाला तो ओळखायला वेळ लागू नये. तरुण माँटे बेल्लो तोंडात कोऱ्या कडक चहासारखी हिरड्यांना आवळते, तो टॅनिन नावाच्या द्रव्याचा तुरटपणा. तो वाईट मानू नकोस, वाइनला वर्षानुवर्षे उभे ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. ही बाटली विकत घेणे माझ्या खिशाला झेपत नाही, परंतु वर जाऊन तिचा एखादा घोट चाखता येतो आणि तेवढा घोट तुझ्या ‘जड’ या शब्दाला पुरेसे उत्तर देईल, अशी माझी खात्री आहे.

व्हाइटबद्दल तुझी नाराजी मुख्यतः शार्डनेवर आहे, आणि तिथे मी बराचसा तुझ्या बाजूचा आहे. शार्डने हे स्वभावाने शांत द्राक्ष. त्यावर जे कराल ते दिसते. पहिल्या आंबवणीनंतर जिवाणूंकरवी दुसरी एक प्रक्रिया घडवतात, तीत हिरव्या सफरचंदातले तीव्र मॅलिक आम्ल बदलून दह्यातले सौम्य लॅक्टिक आम्ल तयार होते आणि सोबत डायअसिटिल नावाचा लोण्याच्या वासाचा पदार्थही. या लोण्यावर भाजलेल्या ओकचा थर चढवला की वाइन चविष्ट होते, पण ताजेपणा हरवते. अनेकांना तीच आवडते. मला दुसरा पेला घ्यावासा वाटत नाही. ही दुसरी प्रक्रिया टाळणारी शार्डने शोध. स्वतः माँतेलेनावाले ती टाळतात, आणि त्यांची वाइन उष्ण कॅलिस्टोगात तयार होऊनही धारदार लागते. दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी ठेवून चाखल्यास, तर कोणाच्याही व्याख्यानाची गरज उरणार नाही.

झिनफँडेल या रेड द्राक्षाबद्दल मात्र मी तुझ्याशी भांडणार आहे. तुझ्या गावच्या सुला वायनरीची झिनफँडेल तू प्यालेलाच आहेस. तिचे संस्थापक राजीव सामंत हे स्टॅनफर्डला शिकून परतलेले आणि त्यांना कॅलिफोर्नियातल्याच सोनोमाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांचे मार्गदर्शन, तेव्हा हे द्राक्ष नाशिकला पोहोचले यात नवल नाही. अमेरिकनांनी दीडशे वर्षे आपले मानलेले हे द्राक्ष मुळात क्रोएशियाचे, हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातील कॅरल मेरेडिथ यांनी जनुकीय तपासणीतून दाखवून दिले. त्याची खोड अशी की एकाच घडात काही मणी हिरवे असतात तेव्हा काही सुकून बेदाणे होऊ लागलेले असतात. हिरवे पिकण्याची वाट पाहिली तर बेदाण्यांची साखर वाढते, आणि म्हणून ती मुरांब्याची गोडी व पंधरा टक्क्यांचे अल्कोहोल. तरीही सोनोमातील ड्राय क्रीकच्या खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वी लावलेले, तारेच्या आधाराशिवाय झुडपासारखे उभे असलेले वेल पाहिलेस की तुझा सूर बदलेल. १९२० ते १९३३ ही दारूबंदीची वर्षे हे वेल जगले, कारण घरगुती वापरासाठी कुटुंबामागे वर्षाला २०० गॅलनपर्यंत द्राक्षरस आंबवण्याला कायद्याने वाट मोकळी ठेवली होती आणि इथली द्राक्षे रेल्वेने पूर्वेकडच्या शहरांत जात होती. अशा जुन्या बागांत कारिन्यान आणि पेतीत सिरा या दुसऱ्या रेड जातींचे वेलही मिसळून लावलेले असतात. त्यांचे आम्ल आणि तुरटपणा झिनफँडेलच्या गोडीला ताळ्यावर ठेवतात. जाणकार म्हणवणारे पुष्कळ लोक या वाइनला गावंढळ समजतात. मला तिच्यातला रांगडेपणाच आवडतो.

कॅलिफोर्नियाबाहेर तू अजून पाऊलच टाकलेले नाहीस, आणि ‘एकसारखी’ हा तुझा शब्द तिथे अगदीच टिकत नाही. ओरेगॉनच्या विलामेट खोऱ्यात डेव्हिड लेट यांनी १९६० च्या दशकात पिनो न्वार लावली, तेव्हा थंडी-पावसात ती पिकणार नाही असे त्यांना सांगण्यात आले होते. पुढे पिनो न्वारचे माहेर असलेल्या फ्रान्समधील बर्गंडीच्या द्रुआँ या वाइन घराण्याने तिथे जमीन घेतली, यातच सारे आले. फिकट रंगाची, आंबट चेरीच्या आणि ओल्या पाचोळ्याच्या वासाची ही वाइन जड म्हणून दाखव. न्यूयॉर्क राज्यातील फिंगर लेक्स या सरोवरांच्या प्रदेशातली रीजलिंग ही व्हाइट तर त्याहून हलकी. तिथल्या हिवाळ्यात युरोपीय वेल मरतो, अशी सर्वांची समजूत होती. युक्रेनहून आलेल्या कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी काटक खुंटांवर कलमे बांधून ती खोटी ठरवली आणि १९६२ साली स्वतःची वायनरी काढली. तिथली सरोवरे इतकी खोल की ऐन थंडीतही सहसा पूर्ण गोठत नाहीत आणि काठच्या वेलींना ऊब देतात. बऱ्याच बाटल्यांच्या मागे कोरडी ते गोड अशी पट्टी छापलेली असते, त्यामुळे फसगत होत नाही.

आता एक अप्रिय प्रश्न. तू रेड वाइन कोणत्या तापमानाला पितोस? ‘रूम टेंपरेचर’ हा सल्ला युरोपातल्या गार घरांचा आहे. एप्रिलमध्ये तुझ्या दिवाणखान्यात ३४ अंश असताना साडेचौदा टक्क्यांची कॅबर्ने ओतलीस, तर पेल्यातून आधी अल्कोहोलच नाकात जाणार. अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवून ती १६ ते १८ अंशांवर आण, आणि व्हाइट मात्र प्यायच्या थोडी आधी बाहेर काढ, कारण फार गारठलेल्या वाइनला वासच येत नाही. पेला तृतीयांशच भर, न हलवता एकदा हुंग, मग फिरवून पुन्हा हुंग. घोट तोंडात धरून थोडी हवा ओढ. जिभेच्या कडांना लाळ सुटली तर आम्ल, हिरड्या आवळल्या तर टॅनिन, गिळल्यावर घशात ऊब राहिली तर अल्कोहोल. गोडीचा निर्णय सर्वांत शेवटी, आणि तोही नाक चिमटीत धरून घेतलेल्या एका घोटानंतर कर. व्हॅनिलाचा वास बाजूला झाला की खरी साखर किती होती ते कळते. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलेले आहे, वाइनला बोल लावू नकोस.

जेवणाशी जोड लावताना पुस्तकी नियम बाजूला ठेव, ते आपल्या मसाल्यांसाठी लिहिलेले नाहीत. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर तरुण कॅबर्ने घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अल्कोहोलने मिरचीची आग वाढते आणि टॅनिन तीत तुरटपणाची भर घालते. तिथे किंचित गोड आणि खणखणीत आंबट अशी रीजलिंगच हवी. भरल्या वांग्याबरोबर ओरेगॉनची पिनो न्वार मला फार आवडली. तळलेल्या सुरमईला ओक न लावलेली सोव्हिन्याँ ब्लाँ ही व्हाइट. पुरणपोळीबरोबर काहीही घेऊ नकोस. त्या गोडीपुढे प्रत्येक कोरडी वाइन नुसती आंबट लागते.

परत जाताना भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना नेता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. तिसरी घेतलीस तर सव्वादोन लिटर होतील आणि विमानतळावर पैसे भरावे लागतील. माझ्या मते एक ड्राय क्रीकच्या जुन्या वेलींची झिनफँडेल आणि दुसरी फिंगर लेक्सची रीजलिंग ने. नापाची कॅबर्ने तुला मुंबईतही मिळेल. तुझ्या विमानाची तारीख लवकर कळव, कारण डोंगरावर चाखायला जायचे तर आधी वेळ ठरवावी लागते. येताना वहिनींनी केलेला काळा मसाला थोडा आण. रीजलिंगबद्दल मी एवढे छातीठोकपणे लिहिले आहे, ते खरे की खोटे हे इकडच्या विकतच्या मसाल्यावर ठरवणे मला मान्य नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक