नस सापडत नाही म्हणे!

संपादक साहेब, नमस्कार.

मे महिन्यात माझ्या मोठ्या आईला उन लागलं, दोन दिवस जुलाब, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तर सलाईन लावायला नसच सापडेना. सिस्टरबाईंनी पाच वेळा टोचलं, दोन्ही हात निळे पडले, म्हातारी नुसती "अवं माय" करत होती. चूक त्या बाईची नव्हती बरं का, अंगातलं पाणी आटलं की शिरा चपट्या होतातच, आणि आपल्या इकडं सिकलसेलचे, म्हणजे त्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट तर वारंवार टोचून टोचून नसा कडक करून बसलेत.

मग रात्रपाळीचा एक ब्रदर आला, त्यानं काय केलं, कोमट पाण्यात फडकं पिळून हातावर गुंडाळलं, हात खाटेखाली लोंबता ठेवला, वर पट्टा बांधून मूठ उघडझाप करायला लावली, मग डोळ्यानं न शोधता बोटानं चाचपून बघितलं आणि निळी सुई, म्हणजे २२ नंबरची, पहिल्याच दमात आत. चार-पाच मिनिटांचं काम! जीवावर बेतलं असेल अन् नस मिळतच नसेल तर गुडघ्याखालच्या नडगीच्या हाडात खास सुई घालूनही सलाईन, औषध देता येतं, ते रक्तात लगेच पोचतं, पण ती सुई आमच्या दवाखान्यात नाहीच.

आरोग्य खात्यानं एवढं करावं, ती सुई तालुक्याला ठेवा आणि त्या ब्रदरसारख्यांकडून बाकीच्यांना दोन दिवस ट्रेनिंग द्या, उन्हाळ्याच्या आधी, नंतर नको.

एक वाचक, यवतमाळ जिल्हा