तळघरातली भट्टी आणि वरचा कूलर

ती. आई आणि अण्णा,

साष्टांग नमस्कार.

रविवारी अण्णा कूलरच्या बिलावरून वरच्या भाडेकरूंवर चिडले होते. मी मध्ये काही सांगायला गेले, तर ‘तुला तिकडं बसून काय कळतंय’ म्हणून फोन आईच्या हातात दिला. कानाला मशीन लावूनही अण्णांना फोनवरचं निम्मंच ऐकू येतं, आणि उरलेलं निम्मं ते ऐकत नाहीत. म्हणून लिहूनच पाठवते. आई, तू वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नकोस.

आधी भट्टीचं. लेकीच्या घरी तळघरात भट्टी आहे असं तू गल्लीत सांगितलंस आणि शेजारच्या काकूंनी तोंडाला पदर लावला म्हणे. लावणारच, परभणीत भट्टी म्हटलं की एकच अर्थ. इथं मिनियापोलिसला तिला फर्नेस म्हणतात. आपला न्हाणीतला तांब्याचा बंब आठव. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. इथं नळ्यांमध्ये गॅसची ज्योत असते, आणि भोवती पाण्याऐवजी हवा. पंखा ती हवा नळ्यांवरून ढकलतो आणि पत्र्याच्या बोगद्यांतून खोल्याखोल्यांत पोचवतो. धुराची वाट वेगळी. अण्णांना पटणार नाही, पण आमच्या फर्नेसचा धूर पीव्हीसीच्या पाइपातून बाहेर जातो, शेतातल्या पाइपलाइनला वापरतात तसल्याच. वितळत कसा नाही? तर नव्या पद्धतीची फर्नेस गॅसमधली शंभरातली नव्वदपेक्षा जास्त उष्णता घरातच काढून घेते. बाहेर पडेपर्यंत धूर कोमट होतो, त्यातल्या वाफेचं पाणी होऊन खाली ठिबकतं. बर्फ पडला की त्या पाइपाची तोंडं मोकळी करायला तुमचे जावई खोरं घेऊन जातात.

आता जानेवारीतल्या त्या रात्रीचं सांगते. तेव्हा तुम्हाला कळू दिलं नव्हतं. बाहेर उणे २४. आपल्याकडे २०१८च्या डिसेंबरात पारा २ अंशांवर आला होता, तेव्हा अण्णा माकडटोपी घालून दिवसभर शेकोटीपुढून हलले नव्हते. त्याच्याही खाली २६ अंश. रात्री अकराला फर्नेसचं काहीतरी बिनसलं. पेटायची, चार मिनिटांत विझायची, थोड्या वेळानं परत पेटायची. पहाटे तीनला घरात १३ अंश. धाकटीला मध्ये घेऊन, तुझ्या गोधडीवर इथल्या दोन रजया टाकून पडून राहिलो.

घरमालक दुसऱ्या गावी राहतात. मी रात्रीच त्यांना मेसेज केला, जरा तोऱ्यातच. मशीन तुमचं, भाडं आम्ही वेळेवर देतो, वगैरे. सकाळी त्यांचा मिस्त्री आला. त्यानं बाजूची पट्टी काढून एक चौकट ओढली. पुठ्ठ्याच्या चौकटीत कागदी घड्यांची जाळी असते, तो फिल्टर. घड्या दिसतच नव्हत्या. वर करड्या धुळीचा असा थर होता की कोपरा धरून सोलला तर पोतेऱ्यासारखा सलग निघाला. त्यात धाकटीची एक टिकली आणि माझे केस. मिस्त्री म्हणाला, यातून हवा जाणार कुठून? हवा अडली की नळ्या नको तेवढ्या तापतात, आत एक सुरक्षेचं बटण असतं ते गॅस तोडतं. थंड झालं की परत पेटतं. बंबात पाणी कमी आणि विस्तव रग्गड, तशी गत. म्हणजे बिघाड असा काही नव्हताच, आणि गॅस जाळूनही घर मात्र गार.

त्याचे १४० डॉलर झाले. मालकांनी करारातल्या एका ओळीवर खूण करून फोटो पाठवला: फिल्टर बदलायचं काम भाडेकरूचं. आठ महिन्यांत मी ते पान उलटलं नव्हतं. जावई गप्प, मीही गप्प. पैसे आम्ही दिले.

मग मी इरेला पेटले. दुकानातला सगळ्यात दाट, सगळ्यात महाग फिल्टर आणला, आणि पाहुण्यांच्या खोलीतल्या हवेच्या झडपा बंद केल्या. नळ बंद केला की पाणी वाचतं, तसंच वाटलं मला. मिस्त्रीला फोनवर सांगितलं तर तो हसायलाच लागला. फार दाट फिल्टरही हवा अडवतो, आणि झडपा मिटल्या की पंख्यावर उलटा दाब येतो. आता मध्यम फिल्टर आहे. दर महिन्याला काढून उजेडापुढे धरते, जास्तीत जास्त तीन महिन्यांनी बदलते. लोणच्याच्या बरणीवर तू तारीख टाकतेस तशी त्याच्या काठावर मार्करनं टाकते. मालकांशीही बोलले. बर्नर, आतल्या नळ्या, ज्योत ओळखणारी पेन्सिलीच्या शिशाएवढी काडी, हे सगळं दर हिवाळ्याआधी ते साफ करून घेणार. नळीला तडा गेला तर विषारी वायू घरात येतो, म्हणून त्याचा अलार्म आहे, तोही तपासणार.

रात्री झोपताना तापमान सात-आठ फॅरनहाइटनं उतरवतो. इथल्या सरकारच्या ऊर्जा खात्याचंच म्हणणं आहे, दिवसातले ८ तास ७ ते १० फॅरनहाइटनं खाली ठेवलं तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत वाचतात. आमचं फेब्रुवारीचं बिल कमी आलं. पण थंडीही जरा उतरली होती, सगळं श्रेय मी घेत नाही.

आता अण्णा, तुमचा कूलर. चिडू नका.

वरची विद्यापीठातली पोरं दिवसभर कूलर चालवतात आणि सबमीटरच्या बिलाला रडतात, हे तुमचं म्हणणं. गेल्या मे महिन्यात मी वर जाऊन पाहिलं होतं. जाळीतलं गवत बोअरच्या क्षारानं पांढरं पडलेलं, बोटानं दाबलं तर कटकन मोडलं. अर्ध्या जाळीवर पाणी उतरतच नव्हतं. कोरड्या गवतातून हवा आली काय नि न आली काय! पंखा मात्र फुल्ल, पहाटेपर्यंत. पोरं उधळी नाहीत, त्यांना गारवाच मिळत नाही. मशीन तुमचं आणि बिल त्यांचं, म्हणून कुणालाच घाई नाही. इथं मी बिल भरणाऱ्या बाजूला आहे, तेव्हा ते लवकर कळलं.

होळी झाली की मिस्त्रीला बोलवा. तिन्ही जाळ्यांतलं गवत नवं, टाकी खरवडून साफ, पाण्याचा पंप उघडून त्यातला क्षार काढायचा, पंख्याला तेल. आणि अर्थिंग! पत्र्याचा कूलर आहे, खाली पाणी, ओल्या हातानं कुणी शिवलं तर? त्याच्या प्लगची मोठी पिन कुणीतरी कापलेली मी पाहिली आहे. तो आधी बदला, बाकीचं नंतर. हा खर्च आपला. दर आठवड्याला टाकीतलं पाणी ओतून नवं भरणं, भरताना प्लग काढणं, आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवणं, हे पोरांचं. खिडकी लावून बसतात आणि खोलीत नुसता दमटपणा करतात, हे मात्र तुमचं खरं आहे. नव्या अकरा महिन्यांच्या करारात या चार ओळी घाला, आणि त्यांना वाचून दाखवा. वाचतील म्हणून सोडून देऊ नका, मी वाचलं नव्हतं.

कूलर वरच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर आहे, आणि शिडी जिन्याखाली, हे मला माहीत आहे. दिवाळीत माळा लावायला कोण चढलं होतं, तेही आईनं सांगितलंय. मिस्त्रीचे पैसे मी पाठवते. तुम्ही खाली खुर्ची टाकून बसा आणि त्याला हवं तेवढं रागवा.

आई, जुनं गवत काढलं की फेकायच्या आधी मला त्याचा फोटो पाठव.

तुमची
बेबी