साहेब, फाउल करणाऱ्याचा फायदा थांबवा

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शालेय बास्केटबॉल स्पर्धांमध्ये मुद्दाम केल्या जाणाऱ्या फाउलला आळा घालण्याबाबत

महोदय,

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. तीसेक वर्षं शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर मुलामुलींना बास्केटबॉल शिकवला. आधी माझाच गुन्हा सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.

जिल्ह्याची फायनल, सतरा वर्षांखालील मुली. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही सहा गुणांनी मागे. समोरच्या संघात अकरा नंबरची एक उंच मुलगी होती. रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेला बॉल, एकटीच काढायची, पण फ्री थ्रोला, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या, कोणी न अडवणाऱ्या फेकीला उभी राहिली की हात थरथरायचे. मी बेंचवरच्या शेवटच्या मुलीला उठवलं. वर्षभर सकाळी सहाला सगळ्यांच्या आधी येणारी, पण त्या दिवशी एक मिनिटही न खेळलेली. तिचा चेहरा असा फुलला! मी कानात सांगितलं, "अकराला धर. बॉल तिच्याकडे असो नसो. पाच फाउल द्यायचे आणि बाहेर यायचं."

पाचव्या फाउलला खेळाडूला बाहेर जावंच लागतं. तिने सांगितलं तसं केलं. मागून कमरेला मिठी, शिट्टी, दोन फ्री थ्रो, बॉल आमच्याकडे. पुन्हा मिठी, पुन्हा शिट्टी. तिसऱ्या खेपेनंतर ती उंच मुलगी कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, बॉल मागेनाच. आमची तिथेही पोचली. दहा फ्री थ्रोंपैकी अकरा नंबरचे तीनच आत गेले आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. टेबलावरच्या घड्याळातली दोन मिनिटं संपायला माझ्या मनगटावरची सतरा लागली. आमची मुलगी पाचव्या फाउलनंतर बेंचवर येऊन तोंडावर टॉवेल घेऊन बसली. दमली असेल, असं मला वाटलं. पुढच्या आठवड्यापासून ती सरावाला आली नाही.

ही अक्कल माझी एकट्याची नव्हती, हे बऱ्याच वर्षांनी कळलं. डिसेंबर १९९७ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये डॅलसचे प्रशिक्षक डॉन नेल्सन यांनी शिकागो बुल्सविरुद्ध बबा वेल्स नावाच्या नवख्या खेळाडूला डेनिस रॉडमनवर असाच सोडला होता. तीन मिनिटांच्या आत त्याचे सहा फाउल भरले; तिथे सहाव्याला बाहेर जावं लागतं. रॉडमनने १२ पैकी ९ फ्री थ्रो टाकले आणि डॅलस हरलं. डाव फसला, पण कल्पना टिकली. पुढे तीच फ्री थ्रोत कच्च्या असलेल्या शकील ओनील ऊर्फ 'शॅक'वर वापरली गेली आणि 'हॅक-अ-शॅक' या नावाने जगभर पोचली. जानेवारी २०१६ मध्ये ह्यूस्टनने आंद्रे ड्रमंडला एका सामन्यात ३६ फ्री थ्रो टाकायला लावले, त्यातले २३ चुकले. लोक पैसे मोजून हे बघत बसले होते.

हिशेब सरळ आहे. दहातले चार टाकणारी मुलगी दोन फ्री थ्रोंत सरासरी एक गुणही आणत नाही. वर घड्याळ थांबतं आणि बॉल फाउल करणाऱ्याला मिळतो. चोरी करणाऱ्याला दंड कमी आणि माल जास्त, असा हा बाजार आहे. १८९१ साली जेम्स नेस्मिथ यांनी लिहिलेल्या तेरा नियमांत एका बाजूचे लागोपाठ तीन फाउल झाले की समोरच्यांना सरळ एक गोल मिळायचा. त्या माणसाला हे तेव्हाच उमगलं होतं.

आपण म्हणाल, नियम काय मंत्रालयात ठरतात? नाही, ते 'फिबा' ही आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना ठरवते. आणि बॉल खेळायचा प्रयत्नच नसलेला असा फाउल 'फिबा'च्या पुस्तकात अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे खिलाडूवृत्तीला सोडून, आहेच : दोन फ्री थ्रो, वर बॉलही त्याच संघाला. असे दोन झाले की खेळाडू बाहेर. म्हणजे माझी मुलगी दुसऱ्या मिठीलाच बाहेर जायला हवी होती. पण पंचांनी पाचही वेळा साधा फाउल दिला, कारण आम्ही सगळेच त्याला 'टॅक्टिकल', म्हणजे डावपेचाचा, म्हणायचो. तेही कधीकाळी कोच होतेच की.

म्हणून पंचांच्या मर्जीवर न राहणारा, टेबलावरच्या पोरालाही कळेल असा नियम हवा. एनबीएमध्ये बॉलपासून लांब केलेल्या फाउलला चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत एक फ्री थ्रो आणि बॉल मिळायचा. २०१६ मध्ये त्यांनी तोच नियम प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांना लावला. २०२२ पासून पळता हल्ला अडवायला मुद्दाम केलेल्या फाउललाही तीच शिक्षा आहे. 'फिबा'च्याच थ्री-बाय-थ्रीमध्ये, म्हणजे तिघा-तिघांच्या खेळात, संघाच्या दहाव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो आणि बॉल. कबड्डीचं तर आपल्याला सांगायला नको. चढाईपटू नुसते हात हलवून परत यायला लागले, तेव्हा तिसऱ्या चढाईला गुण आणा नाहीतर बाद व्हा, असा नियम आला. कबड्डी बुडाली का?

आमच्यातले जुने लोक म्हणतात, "फ्री थ्रो शिकवा ना, रडता कशाला?" शिकवतोच. पण ३.०५ मीटर उंचीची रिंग, ४.६ मीटरवरची रेघ आणि चौदा वर्षांची मुलगी. शिवाय अकरा नंबरला रिबाउंड शिकवला, त्याचं काय? जी मुलगी एका गोष्टीत कच्ची आहे तिला खेळातूनच उठवायचं, हे मला शिक्षणात बसवता येत नाही. मी ते केलंय, म्हणून सांगतो.

मागणी एवढीच. तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धा आपल्याच खात्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत होतात. संघ जास्त आले की तिथे सामन्याची वेळ कमी केलेली मी कितीदा पाहिली आहे, तेव्हा 'फिबा'चं पुस्तक कोणाला आठवत नाही. तशीच परिपत्रकात दोन ओळींची भर घाला : प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत बॉल हातात नसलेल्या खेळाडूला धरलं, तर दोन फ्री थ्रो आणि बॉल त्याच संघाला. ज्या निकालामागे दहावी-बारावीचे सवलतीचे गुण लागलेले असतात, तिथे कोचच्या सद्‌बुद्धीवर विसंबू नका. माझीच टिकली नव्हती.

दुसरी माझी हौस म्हणा. अमेरिकेतल्या निक एलम या शिक्षकाने सुचवलं की शेवटी घड्याळच बंद करावं आणि ठरलेला आकडा आधी गाठेल तो जिंकला. एनबीएने २०२० च्या ऑल-स्टार सामन्यात ते करून पाहिलं. घड्याळच नाही, तर ते थांबवायला फाउल कोण करील? चौदा वर्षांखालच्यांच्या एखाद्या तालुक्यात करून बघायला काय हरकत आहे?

पावसाळ्यात तालुक्यांचे सामने सुरू होतात. त्याआधी एखाद्या बैठकीला बोलावलंत तर स्वखर्चाने येईन. त्या फायनलच्या स्कोअरशीटची कार्बन कॉपी अजून माझ्याकडे आहे. त्या मुलीच्या नावापुढे फाउलच्या पाचही चौकटी भरलेल्या, प्रत्येकीत साध्या फाउलचा 'पी' आणि शेजारी दोन फ्री थ्रोंचा बारीक दोनचा आकडा. येताना घेऊन येतो.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक